हातातला खेळ आणि माजघरातला खेळ

खेळण्यांवर टीकालेख लिहिण्याची प्रथा आमच्याकडे नाही. ग्रंथ, नाटक, कीर्तन, गायनाची बैठक यांची चिकित्सा आपण हौसेने करतो. खेळणे मात्र मुलांच्या हाती दिले की आपले कर्तव्य संपले असे समजतो. परंतु घरातील तीन पिढ्यांनी कोठे बसावे, केव्हा बसावे आणि कोणाशी बोलावे हे जे खेळणे ठरवू लागते, त्यास चिकित्सेतून वगळणे योग्य होणार नाही. असे एक खेळणे गेली तीन वर्षे आमच्या घरी नांदत आहे. त्याचे नाव निंटेंडो स्विच. त्याचा, आणि त्यावर खेळल्या जाणाऱ्या व पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या खेळाचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

कोकण-गोव्याकडील आमच्या वाचकांस बीदर-कलबुर्गीचा मुलूख बहुधा गाणगापूर आणि माणिकनगर या दोन क्षेत्रांच्या नावांनीच परिचित असावा. १९५६ साली भाषावार राज्यरचना होईपर्यंत हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. पुढे ते त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूस मराठी घरे पुष्कळ. आमच्यासारख्या कुटुंबांत चुलीपाशी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि बाजारात दखनी ही वाटणी कोणी शिकविली नाही. ती आपोआप झाली. माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांत पदे रचली, ती याच मातीत. दोन गोष्टींनी एकत्र नांदणे हे आम्हांस नवे नाही. त्यामुळे हातात धरण्याचा खेळ आणि टीव्हीवर मांडण्याचा खेळ या दोहोंचा जोड म्हणून ज्याची ख्याती, ते यंत्र घरी आले तेव्हा आम्ही त्याच्याकडे फारशा परक्या नजरेने पाहिले नाही.

यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. मधोमध सव्वासहा इंचांच्या आतबाहेरचा पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंस काढता-घालता येणाऱ्या दोन मुठी, सर्व मिळून वजन सुमारे चारशे ग्रॅम. हे झाले हातातले रूप. टीव्हीशेजारी त्याची एक बैठक असते, तिला ‘डॉक’ म्हणतात. तिच्या खाचेत यंत्र उभे केले की तेच चित्र टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर उमटते. उपसून घेतले की खेळ जेथे होता तेथूनच पुन्हा हातात सुरू होतो. सारी किमया या उचलण्या-ठेवण्यात आहे. ३ मार्च २०१७ रोजी हे यंत्र बाजारात आले आणि २०२४ च्या अखेरपर्यंत जगभर त्याचे पंधरा कोटींहून अधिक नग खपले. ५ जून २०२५ रोजी त्याची मोठ्या पडद्याची दुसरी आवृत्तीही निघाली. आमच्या घरी पहिलेच आहे, आणि तेवढे पुरे आहे.

ज्या कंपनीचे हे अपत्य, तिची कुळकथा आमच्या वाचकांस रुचावी अशी आहे. १८८९ साली क्योटो नगरात फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने हानाफुदा नावाचे पत्ते करण्याचा धंदा काढला. बारा महिन्यांची बारा फुलझाडे, प्रत्येकाची चार पाने, असा तो अठ्ठेचाळीस पानांचा जोड. हे वाचताच आम्हांस सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण झाली. तेथे दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशेवीस वाटोळी पाने रंगवीत. जपान्यांनी ऋतू हाती धरले, आपण अवतार हाती धरले. पुढे त्याच कंपनीत गुनपेई योकोई या कल्पक कारागिराने १९८० साली तळहातावर मावणारा विजेचा खेळ काढला. आगगाडीत एक गृहस्थ वेळ जावा म्हणून हिशेबाच्या यंत्राशी चाळा करीत बसलेला त्याने पाहिला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. अगदी नव्या आणि महागड्या तंत्रामागे न धावता जुन्या व स्वस्त झालेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, हे त्याचे सूत्र होते. स्विचमध्येही त्याच सूत्राचा अंश दिसतो. याहून बलवान यंत्रे त्याच काळी बाजारात होती. परंतु माजघरातून उचलून खिडकीपाशी नेता येईल असे त्यांपैकी एकही नव्हते.

आता नित्याच्या अनुभवाकडे वळू. हे यंत्र भारतात आले ते राजमार्गाने आले नाही. कंपनीने त्याची येथे अधिकृत विक्री मांडली नसल्याने ते परदेशातून येणाऱ्या आप्तांच्या पेटीतून किंवा मोठ्या शहरांतील आयात मालाच्या दुकानांतून घरोघर पोचले. आमच्या घरी ते आणले आमच्या धाकट्या बंधूंनी, नोकरीवरून परतताना, कपड्यांच्या घडीत गुंडाळून. अमेरिकेत त्याची मूळ किंमत तीनशे डॉलर, म्हणजे २०१७ च्या दराने वीस हजार रुपयांच्या घरात. आणि मोठ्या खेळाचे एकेक पान साठ डॉलरांचे. पान असे म्हटले, कारण ही वस्तू टपालाच्या तिकिटाएवढी असते. लहान मुलांनी ती गिळू नये म्हणून तिच्यावर अतिशय कडू द्रव्याचा लेप दिलेला असतो. आमच्या मातोश्रींस ही गोष्ट फार पसंत पडली. मूल अंगावरून तोडताना बायका कडुलिंब लावीत, ती युक्ती जपान्यांस ठाऊक आहे हे ऐकून त्यांचे यंत्राविषयीचे निम्मे किल्मिष तेथेच गेले.

दोष नाहीत असे नाही. पहिल्या आवृत्तीची बॅटरी खेळाप्रमाणे अडीच ते साडेसहा तास पुरे. २०१९ च्या सुधारणेनंतर तीच मुदत साडेचार ते नऊ तासांवर गेली. मुठींवरील बोंडे कालांतराने आपोआप एका बाजूस ओढू लागतात, ही तक्रार तर जगभर झाली आणि कंपनीच्या अध्यक्षांस २०२० साली तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. जेथे अधिकृत विक्री नाही तेथे अधिकृत दुरुस्तीही नाही, हे सीमाभागातील खरेदीदाराने आधीच ध्यानी धरावे.

गुणांत पहिला गुण आम्हांस एका वैशाखातील संध्याकाळी कळला. वावटळ उठली आणि वीज गेली. टीव्ही काळा पडला, पंखा थांबला, आणि आमची बारा वर्षांची पुतणी निमूटपणे उठली, डॉकमधून यंत्र उपसले आणि दिवाणखान्यातील खेळ ओसरीवर घेऊन आली. तिच्या भोवती शेजारची दोन मुले व आमच्या मातोश्री, अशी बैठक त्या सव्वासहा इंचांच्या उजेडात भरली. दुसरा गुण मुठींचा. त्या काढून आडव्या धरल्या की एकेक मूठ एकेका गड्यास पुरते. भाकरीचा चतकोर मोडून द्यावा तसे हे यंत्र स्वतःचे दोन वाटे करून देते. दुसऱ्या गड्यासाठी निराळे काही विकत आणावे लागत नाही, हा विचार ज्याने केला त्याच्या मनात एकटा खेळाडू नसून घर असले पाहिजे.

मात्र ज्या गुणाने खेळ माजघरातून ओसरीवर येतो, त्याच गुणाने तो पांघरुणाखालीही जातो. टीव्हीला जखडलेले जुने यंत्र निदान सर्वांच्या देखत चाले. याला तो धरबंध नाही. आरती झाली, जेवणे झाली, आणि टीव्हीसमोरच्या डॉकची खाच रिकामी आहे, असे आम्ही कितीदा तरी पाहिले. रिकाम्या खाचेसमोर मातोश्री थोडा वेळ बसत आणि मग उठून जात. यंत्राची परीक्षा आमच्या मते येथे होते. त्याचा जोड उत्तम आहे. पण तो दोन्हीकडे सारखाच सहज वळतो, आणि कोणीकडे वळवावा हे तो सांगत नाही.

याच संदर्भात ‘राजी’ या खेळाचा विचार करावयाचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने तो रचला. लोकांकडून आगाऊ वर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी काम न सोडता त्यांनी तो तडीस नेला. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो सर्वप्रथम स्विचवर आला आणि इतर यंत्रांवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. त्या वर्षीच्या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम कृतींमध्ये त्याचे नामांकन झाले. एवढा मान एका मराठी शहरातील कृतीस मिळाला याचे कौतुक करून आम्ही पुढे जातो, कारण कौतुक म्हणजे परीक्षण नव्हे.

कथा साधी आहे. राजी ही जत्रेत कसरती करणारी पोर. गोलू तिचा धाकटा भाऊ. राखीपौर्णिमेच्या सणात असुरांची धाड येते आणि मुलांना पळवून नेते. त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीस त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधार्थ निघते. पुढे तिला धनुष्य लाभते, विष्णूचेही साहाय्य होते, आणि शेवटी महाबलासुराशी गाठ पडते. दुर्गा आणि विष्णू वरून हे सारे पाहत आपसांत बोलतात व त्या संभाषणातून कथा उलगडते. पुराणात देवांच्या संवादातून कथा सांगण्याची जी रीत आहे तिचा हा उपयोग आम्हांस समर्पक वाटला.

दृश्याच्या बाबतीत ही कृती निःसंशय उंच आहे. राजस्थानी गढ्या, सज्जे, छत्र्या, पायऱ्यांचे तलाव यांचे घाट तिने घेतले असून रंगांची सोय पहाडी चित्रांची आठवण करून देते. त्यात बाली बेटाच्या पुराणकल्पनांचाही मिलाफ आहे. राजी लहानशी, वास्तू प्रचंड. पाहणारा दुरून आणि उंचावरून पाहतो, त्यामुळे मोठ्या देवळाच्या प्राकारात प्रथम पाऊल टाकणाऱ्या बालकाची भावना जागी होते. वाटेत भिंतींवर चित्रे आहेत; त्यांच्यापाशी उभे राहिले की देवांच्या कथा ऐकू येतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, किंवा कर्नाटकातील तोगलु गोंबेयाट, त्यांस या प्रसंगांची जात लगेच ओळखू येईल.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी आक्षेप घेतला की, देवीचे आयुध असे गादीवर लोळून चालवायचे, हा उपमर्द नव्हे काय? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु आम्हांस तो मान्य होत नाही. गंजिफांत मत्स्यावतार हातात घेऊन डाव टाकीत. दशावतारी खेळात देव रंगभूमीवर येतो आणि संकासुराच्या विनोदाला लोक पोट धरून हसतात. आपल्या देवांनी खेळात येण्यास कधी अनमान केला नाही. ‘राजी’त देवी असण्यात उणेपणा नाही. उणीव आहे ती खेळण्याच्या भागात पुराणाचे मर्म सुटले यात.

ही उणीव आम्हांस दाखविली ती मातोश्रींनी. निजामी अमलात जन्मलेल्या, आज त्र्याऐंशी वर्षांच्या या बाईंस टीव्हीवरील त्रिशूळधारी देवी पाहून प्रथम आनंद झाला. “ही आपली तुळजापूरची का गं?” त्यांनी विचारले. पुतणी म्हणाली, “दुर्गा म्हणतायत, आजी.” “मग तीच,” असे म्हणून त्या पुढे सरकून बसल्या. दोन-तीन दिवस झुंजी पाहिल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: “ह्या राक्षसांना वर कुणी दिला होता? आणि अट काय होती?” पुतणीस उत्तर देता येईना. टीकाकार म्हणून आम्ही इतके दिवस जे शोधीत होतो ते त्या एका प्रश्नात होते. महिषासुराची वा हिरण्यकशिपूची कथा वरावर उभी असते. वर तपाने मिळतो, वरास अट असते, अटीत फट राहते, आणि त्या फटीतून देव येतो. बळापेक्षा विचाराचा तेथे कस लागतो. ‘राजी’तील शस्त्रे स्थळी पोचले की मिळतात आणि पुढे पुढे अधिक तिखट होत जातात, त्यांस अट नाही. असुर लोंढ्यांनी येतात आणि एकाच रीतीने पडतात. भिंतींवरील चित्रांत पुराण आहे, हातातील मुठीत मात्र बहुतांशी हाणामारी. ज्या कोड्यांत चित्राची फिरती कडी जुळवून राजीच्या आठवणी उलगडावयाच्या असतात, तेवढ्या जागी बुद्धीला काम मिळते. ती स्थळे अधिक असती तर बरे झाले असते. शेवटाविषयी, रसभंग नको म्हणून, तो तुटक आहे एवढेच म्हणतो.

भाषेचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. स्विचच्या यंत्रास डझनभर भाषा येतात. त्यांत जपानी, कोरियन, रशियन, डच आहेत, भारतातील एकही नाही. ‘राजी’चे संवादही मुळात इंग्रजीतच आले. मातोश्रींस इंग्रजी येत नाही. तेव्हा पुतणी दुभाषी झाली. देवी इंग्रजीत बोले, पोर ते मराठीत सांगे, शब्द अडला तर कन्नडचा आधार घेई, आणि मातोश्री मध्येच दुरुस्ती करीत: “देवी ‘ओके’ म्हणत नसते बाई, ‘तथास्तु’ म्हण.” अशा पाच-सहा संध्याकाळी गेल्या. शाळेत मराठी नसलेल्या त्या मुलीने आयुध, प्राकार, अभय, वध हे शब्द त्या दिवसांत उचलले. आम्ही तिला तीन वर्षे बालबोध पुस्तके आणून दिली, त्यांतून एवढे साधले नव्हते. २०२२ मध्ये ‘राजी’ची सुधारित आवृत्ती निघाली व तीत हिंदी आवाज आले. दखनीत वाढलेल्या मातोश्रींस तो अनायासे समजेल. मग दुभाष्याची गरज राहणार नाही. सोय म्हणून आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु घरी ती आणण्याची घाई आम्ही केली नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

आता एक गोष्ट सांगावयाची उरली आहे. दत्तजयंतीस आम्ही सर्व कलबुर्गीहून आगगाडीने हुमनाबादेस उतरून माणिकनगरास जातो. बीदर-कलबुर्गी हा सुमारे एकशे दहा किलोमीटरांचा लोहमार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये खुला झाला, म्हणजे तो आणि हे यंत्र एकाच वर्षाची भावंडे. गाडीत पुतणीने यंत्र काढले, कानांत इअरफोन घातले आणि खिडकीला टेकून ती खेळत राहिली. आम्हांस योकोईच्या गोष्टीतील तो आगगाडीतला गृहस्थ आठवला व मौज वाटली. परतल्यावर दोन दिवसांनी मातोश्री संध्याकाळी टीव्हीसमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “लाव गं आपलं. त्या गोलूचं काय झालं?” पुतणी म्हणाली, “संपलं आजी. गाडीतच संपलं.” मातोश्री क्षणभर थांबल्या. “आमच्याविना संपलं होय?” एवढेच बोलून त्या देवघराकडे गेल्या. पुतणीने काही गुन्हा केला नव्हता. यंत्र ज्यासाठी केले आहे तेच तिने त्याच्याकडून करून घेतले होते. तरी तिचा चेहरा उतरला, आणि आमचाही.

‘राजी’च्या कर्त्यांस आम्ही दोन सूचना करू इच्छितो. पुढील कृती अशी रचावी की, यंत्राच्या दोन मुठींचा उपयोग होऊन ती दोघांस मिळून खेळता यावी. बहीण-भावाची कथा एकट्याने खेळावयाची, यात काही तरी विसंगत आहे. आणि असुरास वर द्यावा, वरास अट घालावी, व ती अट शोधण्याचे काम खेळणाऱ्यावर सोपवावे. तसे झाले तर खेळात केवळ पुराणातील नावे न राहता पुराणातील विचारही येईल, आणि आमच्या मातोश्रींसारख्या प्रेक्षकास नुसते पाहत बसावे न लागता तोड सुचविता येईल.

यंत्राविषयी आमचा अभिप्राय अनुकूल आहे. वीज गेल्यावरही सोबत करणारे, स्वतःचे दोन वाटे करून देणारे, गाडीत आणि घरात सारखेच चालणारे खेळणे आमच्या मुलखास साजते. ज्यांस ते घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे. परंतु कोणता खेळ हातातला आणि कोणता माजघरातला, हे घेण्याच्या दिवशीच घरात बोलून ठरवावे. आम्ही ते उशिरा ठरविले. पुतणीने आपण होऊन ‘राजी’ पुन्हा पहिल्यापासून टीव्हीवर लावली आहे. मातोश्री बसतात, पण शेवट एकीस ठाऊक आणि एकीस नाही अशी ती बैठक आहे, आणि दुभाष्याच्या आवाजात पूर्वीची उत्सुकता नाही. तरीही परवा वधाच्या प्रसंगी मातोश्रींनी विचारले, “अट काय होती?” या खेपेस पुतणीने मुठी खाली ठेवल्या आणि म्हणाली, “यात नाही आजी. तूच सांग.” पडद्यावर राजी त्रिशूळ घेऊन पाऊण तास तशीच उभी होती.